कॅथलिक नीतिविचारातील सदसद्विवेकबुद्धी : एक चिकित्सा

व्यक्तीच्या नैतिक निर्णयशक्तीसाठी मराठीत 'सदसद्विवेकबुद्धी' आणि 'अंतरात्म्याचा आवाज' असे दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाच्या अधिकृत उमेदवाराऐवजी स्वतःच्या मताप्रमाणे मतदान करण्याचे आवाहन झाले, तेव्हापासून दुसरा प्रयोग राजकीय भाषेत विशेष रुळला. तथापि हे दोन शब्द समानार्थी मानल्यास कॅथलिक नीतिविचाराचे आकलन सदोष होते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या मते विवेक ही गूढ वाणी नाही. नीतितत्त्व विशिष्ट कृतीला लावून बुद्धीने दिलेला तो निर्णय होय. म्हणूनच तो चुकू शकतो. तरीही त्याच्याविरुद्ध वागणे हा दोषच ठरतो. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवेकाला माणूस व ईश्वर यांच्या एकांतभेटीचे स्थान मानले. सत्याच्या शोधाबाबत बेपर्वा राहणाऱ्याचा विवेक आंधळा होत जातो, असेही बजावले. विवेक बंधनकारक आहे, पण त्याचे संस्करण अटळ आहे, असा हा दुहेरी सिद्धान्त आहे.

मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) सदसद्विवेकाला स्वतंत्र देवता मानणारे पाश्चात्त्य मत नाकारले आणि निर्णय करणाऱ्या बुद्धीच्या शुद्धतेवर भर दिला. दोहोंची तत्त्वमीमांसा भिन्न असली तरी विवेक हा बुद्धीचा व्यापार आहे, याबाबत त्यांच्यात साम्य आढळते.

या सिद्धान्ताचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४). 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेल्या दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बेसुमार बांधकाम व पाणीउपशाला विरोध केला. त्यांच्या ठायी विवेक खासगी न राहता सार्वजनिक कर्तव्य झाला.

परंतु या उदाहरणाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. येथे विवेकाचा संघर्ष ऐहिक सत्तेशी व आर्थिक हितसंबंधांशी होता. चर्चच्या नैतिक शिकवणीशी नव्हता. खरा पेच १९६८ मध्ये उद्भवला. पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले आणि अनेक प्रामाणिक दांपत्यांपुढे शिकवण व स्वतःचा निर्णय यांतील अंतर उभे राहिले. १९९३ च्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी विवेक सत्याचा निर्माता नसल्याचे प्रतिपादले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी विवेक घडवणे हे चर्चचे कार्य आहे, त्याची जागा घेणे नव्हे, असे सांगितले. या दोन भूमिकांतील ताण अद्याप सुटलेला नाही.

सारांश, धर्मगुरूच्या लोकलढ्याचा गौरव करणे तुलनेने सोपे आहे. सामान्य गृहस्थाश्रमी स्त्री-पुरुषांच्या निर्णयाला तोच आदर मिळतो का, यावरच या सिद्धान्ताची खरी कसोटी लागते.