कलामेळा आणि होतकरू चित्रकार

नोव्हेंबर 2023 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा भरला आणि 2008 पासून दिल्लीत भरत आलेल्या ‘इंडिया आर्ट फेअर’ला मुंबईत जोड मिळाली. मेळ्यात जा, म्हणजे कारकीर्द कशी घडते ते कळेल, असा सल्ला होतकरू चित्रकारांना हल्ली सर्रास मिळतो. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. मेळ्यात दिसतो तो कारकिर्दीचा शेवटचा टप्पा; सुरुवात तिथे होत नाही. तिथल्या भिंती चित्रकारांच्या नसतात, गॅलऱ्यांच्या असतात. निवड समितीची पसंती मिळाल्यावर गॅलरी जागेचे भाडे भरते, वाहतूक आणि विमा सोसते आणि चार दिवसांत हा खर्च निघावा अशाच बेताने चित्रे लावते. त्यामुळे हुसेन, रझा, सूझा अशा नावाजलेल्या दिवंगत चित्रकारांना दर्शनी जागा मिळते. हुसेन यांचे 1954 मधले ‘ग्रामयात्रा’ 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांना गेले, तेव्हा त्यांच्या निधनाला जवळजवळ 14 वर्षे झाली होती. असे आकडे डोक्यात घेऊन मेळ्यात फिरणारा बाजाराचा इतिहास शिकेल, कारकीर्द नव्हे.

मग पाहायचे काय? कोणती गॅलरी एकाच तरुण चित्रकाराला वर्षानुवर्षे सांभाळते आहे, तो कोणत्या आकारात आणि माध्यमात काम करतो, छापचित्रांच्या किती प्रती काढल्या जातात, आपले काम या गॅलरीच्या नजरेत बसेल का. उद्घाटनाच्या गर्दीत गॅलरीचालकापुढे मोबाइलवरची चित्रे सरकवण्यापेक्षा ही पाहणी मोलाची. कारण गॅलरी नाव घडवते ते सावकाश. हुसेन, रझा, सूझा यांच्या 1947 च्या प्रोग्रेसिव्ह गटामागे श्लेसिंगरसारखा संग्राहक आणि लायडेनसारखा समीक्षक होता. चित्रांच्या चौकटी विकणाऱ्या केकू गांधींनी आधी दुकानातच चित्रे टांगली आणि 1963 मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत ‘केमोल्ड’ गॅलरी काढली. तेव्हा मेळे नव्हते, पण बघणारी, विकत घेणारी आणि लिहिणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. यावर कुणी म्हणेल, तो काळ गेला. आता इन्स्टाग्राम आहे, आणि गॅलरीला विक्रीतला निम्मा वाटा द्यायचा तरी कशाला? जहांगीरचे दालन भाड्याने घेऊन स्वतः विकणारे चित्रकार महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यांची निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे खपतातही. ही वाट कमी प्रतीची मुळीच नाही; पोटापाण्याचे म्हणाल तर ती अनेकदा जास्त भरवशाची ठरते. मात्र आठवड्याचे प्रदर्शन उतरले की चित्रकार पुन्हा एकटा पडतो. चित्र कुणाकडे गेले याची नोंद, पुढचे प्रदर्शन, कॅटलॉग, संग्रहालयाशी बोलणे हे सगळे त्याच्याच गळ्यात येते. गॅलरीचा वाटा या कामांसाठी असतो. जी गॅलरी ती करत नाही, तिला निम्मा वाटा मागण्याचा अधिकार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

कला महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मेळ्याला जरूर न्यावे, पण त्याआधी गॅलरीचा करारनामा ओळीने वाचायला शिकवावे.