सातशे टक्क्यांचा मका

कृषिअर्थशास्त्रातले प्रबंध सहसा ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर पडत नाहीत. झ्वी ग्रिलिचेस यांचा प्रबंध याला अपवाद आहे. शिकागो विद्यापीठात 1957 साली पूर्ण झालेल्या या प्रबंधाचा विषय होता अमेरिकेतील संकरित मक्याचा प्रसार. त्यावरचा लेख त्याच वर्षी 'इकॉनोमेट्रिका'त आला. पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या लेखाने संशोधनावरील खर्चाचे समर्थन करणाऱ्यांच्या हाती एक आकडा दिला: 700 टक्के. आमच्या मते पहिला लेख उत्तम आहे, दुसऱ्यातला आकडा जपून वापरावा असा.

पहिल्या लेखातली युक्ती वर्गात शिकवता येईल. मक्याच्या क्षेत्रापैकी किती टक्के क्षेत्र संकरित बियाण्याखाली आले, हे वर्षागणिक आलेखावर मांडले की 'एस' अक्षरासारखी रेषा मिळते. बाटलीतले यीस्टही असेच वाढते. ग्रिलिचेस यांनी या रेषेतून तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: प्रसार केव्हा सुरू झाला, किती वेगाने झाला आणि कुठे थांबला. 10 टक्क्यांचा टप्पा आयोवा राज्याने 1936 च्या सुमारास गाठला, अलाबामाने 1948 च्या सुमारास. अलाबामाचे शेतकरी मागासलेले, असे कुणीही म्हणून टाकले असते. पण संकरित वाण त्या त्या भागासाठी वेगळा तयार करावा लागतो, आणि जिथे गिऱ्हाईक दाट तिथे बियाणे विकणारे आधी जातात. उशीर बराचसा बियाण्याचा होता, शेतकऱ्याचा नव्हे.

प्रसार कुठे थांबतो, हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. सीएसएच-1 ही संकरित ज्वारी 1964 मध्ये आली. महाराष्ट्रात खरिपात संकरित ज्वारी पसरली. रब्बीत मात्र मालदांडीने जागा सोडली नाही. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर येते, आणि ती भाकरीइतकीच कडब्यासाठीही पेरली जाते. नुसते दाण्याचे क्विंटल मोजणाऱ्याला हे कोडेच वाटेल.

आता 700 टक्के. ग्रिलिचेस यांनी संशोधनावरचा जुना खर्च व्याजासह 1955 पर्यंत आणला, तोवरचे फायदेही व्याजासह आणून त्यांचे वार्षिक उत्पन्नात रूपांतर केले, त्यात पुढचा वार्षिक फायदा मिळवला आणि खर्चाने भागले. हिशेब चुकीचा नाही, पण हा बँकेच्या अर्थाने व्याजदर नव्हे. त्याच माहितीवरून वार्षिक परताव्याचा रूढ दर काढला तर तो 35 ते 40 टक्के येतो. विद्यार्थ्यांना एक सोपे उदाहरण द्यावे. रुपयाचे दहा वर्षांनी सोळा रुपये झाले तर नफा 1500 टक्के, पण चक्रवाढीने दर वर्षाला सुमारे 32 टक्के. गणित अगदी तेच नाही, जातकुळी तीच. 35 टक्केही काही थोडके नव्हेत! मग 700 च का मिरवावे?

शिवाय मका हे यशस्वी झालेले संशोधन. तेल लागलेल्या एकाच विहिरीवरून सगळ्या खोदाईचा नफा काढावा, तसे हे होते. ही शंका खुद्द ग्रिलिचेस यांनीच लेखात नोंदवली आहे. आकडा उचलणाऱ्यांनी ती मागे ठेवली.

आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. संकरित बियाणे तयार करताना मादी ओळींतले तुरे हाताने खुडावे लागत. ही मजुरी वाचवण्यासाठी परागच न देणारा, 'टेक्सास' पेशीद्रव्याचा मका वापरात आला आणि 1970 पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक संकरित मक्यात तेच एक पेशीद्रव्य होते. त्या वर्षी नेमक्या त्यावरच मात करणारी करप्याची बुरशी पसरली आणि देशाच्या मक्यापैकी सुमारे 15 टक्के पीक बुडाले. वाचलेली मजुरी बियाण्याच्या खर्चात आपोआप दिसते, एकसारखेपणातला धोका कोणत्याच रकान्यात येत नाही. 1958 च्या लेखकाला याचा दोष देता येणार नाही. पण आज संशोधनवृत्ती घेऊन पर्यावरण व कृषिअर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याकडून अनुदान देणारे अनेकदा असाच एक गोळीबंद आकडा मागतात. त्या विद्यार्थ्याने 1970 चे ते बुडालेले पीक कोणत्या बाजूला मांडायचे, हे आधी विचारून घ्यावे.