एका भागाची किंमत

मराठी दूरचित्रवाणी मालिकांवर गांभीर्याने लिहू पाहणाऱ्या कोणालाही पहिली अडचण येते ती अगदी साधी असते : मालिका पुन्हा पाहायची कशी? कादंबरीवर लिहिताना कादंबरी टेबलावर उघडी असते. नाटकाची संहिता छापलेली मिळते. चित्रपटाची निदान सीडी मिळत असे. मालिका मात्र प्रसारित होते आणि निघून जाते. त्यामुळे मालिकांविषयीचे आपले बरेचसे लेखन आठवणींवर चालते. शीर्षकगीत, कलाकारांची नावे आणि ‘त्या वेळी रस्ते ओस पडायचे’ हे वाक्य, एवढ्यावर ते थांबते.

प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार मी एका व्यवहाराच्या अंगाने करणार आहे. पैसे देऊन मालिकेचा भाग डाउनलोड करून घेणे आणि तो आपल्या सवडीने संगणकावर पाहणे, हा तो व्यवहार. वरवर पाहता ही केवळ ग्राहकाची सोय वाटते. माझे म्हणणे असे, की मालिकेची समीक्षाही त्यावरच उभी राहते. मराठी मालिकांच्या वाट्याला हा व्यवहार अधिकृतपणे जवळजवळ आलाच नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी तो अनधिकृतपणे आला. त्याने मालिकांविषयी जे काही दाखवून दिले, त्याची दखल मात्र कोणी घेतली नाही.

१

मालिकेचा सुटा भाग विकण्याची पद्धत रूढ झाली ती ऑक्टोबर २००५ पासून. अॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्स दुकानात एबीसी वाहिनीवरील ‘लॉस्ट’ आणि ‘डेस्परेट हाउसवाइव्ज’ या मालिकांचे भाग प्रत्येकी १.९९ डॉलरला ठेवले. रात्री प्रसारित झालेला भाग दुसऱ्या दिवशी विकत मिळू लागला. चित्र अगदी लहान होते, ३२० बाय २४० बिंदूंचे. तरीही गाण्यांच्या चित्रफिती धरून पहिल्या वीस दिवसांत दहा लाख चित्रफिती खपल्या. भागात जाहिराती नव्हत्या आणि तो ठरावीक वेळीच पाहण्याचे बंधन नव्हते. फाइलला कुलूप होते, ती पाचच संगणकांवर चाले. पण ती ग्राहकाच्या संगणकात राही.

यात बदलले ते प्रेक्षकाचे स्थान. जाहिरातींवर चालणारी वाहिनी प्रेक्षकांची संख्या जाहिरातदाराला विकते; प्रेक्षकाला ती काही विकत नाही. इथे प्रेक्षक नेमका एक भाग निवडून त्याचे पैसे मोजू लागला.

मराठीत मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी आली, २००० मध्ये ईटीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. या वाहिन्यांचे उत्पन्न जाहिराती आणि केबलच्या वर्गणीतून येई. पुढे अॅप आले आणि पुन्हा वर्गणीच आली. मधली पायरी, म्हणजे भागाची प्रत प्रेक्षकाच्या हाती देऊन त्याचा मोबदला घेणे, आपण ओलांडूनच गेलो. त्याने काय फरक पडतो, हे पाहायचे तर पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन आठवावे. अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी घरोघरी होत्या, म्हणून त्यातली वाक्ये, विरामासकट, एका पिढीला पाठ आहेत. एखाद्या मालिकेतली इतकी वाक्ये, इतक्या अचूकपणे, किती जणांना सांगता येतील?

२

आष्टी नगर जिल्ह्याच्या सीमेजवळचे गाव. नगरहून इथे रेल्वे पोहोचली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. मालिका पाहण्यातला खरा अडसर मात्र वेगळा होता : भारनियमन. त्या वर्षांत ग्रामीण भागात वीज दिवसाचे कित्येक तास नसे आणि मालिकांच्या ऐन वेळेला हमखास जाई. सुटलेला भाग पाहायचा तर दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रसारण, आणि तेव्हाही वीज असेल तर!

साधारण २००८ ते २०१६ या काळात मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी असे. वाचकांनी आपापल्या गावी ती पाहिली असेल. आत एक संगणक, एक कार्ड रीडर आणि पडद्यावर फोल्डरांची रांग : हिंदी पिक्चर, मराठी पिक्चर, भक्तिगीते, कीर्तन, कॉमेडी, मालिका. दहा-वीस रुपयांत दुकानदार हवे ते कार्डात भरून देई. पेनड्राइव्ह घेऊन येणारेही असत. ते घरच्या किंवा मित्राच्या संगणकावर पाहत. दसऱ्यानंतर गर्दी वाढे. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांच्या फडांवर जाणार. तिथे कोपीत ना वीज ना टीव्ही. त्यामुळे गाव सोडण्याआधी कार्ड भरून घ्यायचे. सोबत न्यायचे ते भरपूर आणि पुन्हा पुन्हा पाहता येईल असे हवे.

हा धंदा कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बेकायदा होता, यात शंका नाही. त्या वीस रुपयांतला एक पैसाही लेखक, दिग्दर्शक, कलाकार किंवा निर्माता यांच्यापर्यंत गेला नाही. पण संशोधनाच्या दृष्टीने एक गोष्ट उरतेच. लोक फुकट मागत नव्हते, पैसे देत होते. मालकाने दुकान मांडले नव्हते, म्हणून ज्याने मांडले त्याला ते पैसे मिळाले. चोरीच्या प्रतींचा प्रश्न आपण नेहमी नीतीच्या भाषेत मांडतो. आष्टीत तो आधी वितरणाचा प्रश्न होता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा इतका स्वस्त झाला की पाहता पाहता या पाट्या उतरल्या.

३

या काउंटरवर लोक काय मागत, हे मी बारकाईने पाहत असे. मोजदाद केली नाही, त्यामुळे आकडे देत नाही. कल मात्र स्पष्ट होता. इंदुरीकर महाराजांची कीर्तने, ‘फू बाई फू’ आणि ‘चला हवा येऊ द्या’ यांतली प्रहसने, ‘जय मल्हार’मधले म्हाळसेच्या लग्नाचे आणि बानूचे भाग यांना मागणी असे. रोजच्या कौटुंबिक मालिकेचा मधलाच एखादा भाग विकत मागणारा गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. गंमत अशी, की हीच माणसे संध्याकाळी त्या मालिका आवडीने पाहत. फुकट पाहायला त्या चालत. दहा रुपये देऊन जवळ ठेवण्याजोग्या वाटत नसत.

हे अरसिकतेचे लक्षण नव्हे. मालिकेच्या घडणीचे ते अचूक निदान आहे. दैनंदिन मालिकेचा भाग उद्याच्या भागासाठी लिहिलेला असतो. प्रसंग तुटतो तो गोष्ट तिथे संपते म्हणून नव्हे. उद्या प्रेक्षक परत यावा म्हणून. अशा भागाला स्वतःचा आरंभ आणि शेवट नसतो. उलट ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घ्या. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वरून आलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत घरातला एखादा लहानसा पेच त्याच भागात उभा राहतो आणि मिटतो. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका ही माणसे आपल्याला ठाऊक आहेत एवढे पुरते. आदला भाग पाहिलेला असण्याची गरज नाही. ‘जय मल्हार’ दैनंदिन असूनही तिचे भाग मागितले गेले. कारण जागरणातून म्हाळसा आणि बानूची कथा प्रेक्षकाच्या घरी आधीच पोहोचलेली होती. त्याला हवा तो प्रसंग तो नेमका उचलू शकत होता. कीर्तनातला एखादा दृष्टान्त आपण वेगळा मागतो, तसेच हे.

म्हणून मी एक कसोटी सुचवतो : या मालिकेचा एक तरी भाग कोणी पैसे देऊन मागेल का, आणि मागेल तर कोणता? टीआरपी किती जणांनी पाहिले हे सांगते. त्यातले काय त्यांना पुन्हा पाहावेसे वाटले, हे ती सांगत नाही.

या कसोटीला मर्यादाही आहेत. ‘आभाळमाया’ किंवा ‘वादळवाट’ यांचे बळ सुट्या भागात नव्हते. पात्रे वर्षानुवर्षे प्रेक्षकासोबत वयाने वाढली, यात होते. ‘अग्निहोत्र’मधले आठ गणेशमूर्तींचे गूढ एका भागात हाती लागणार नाही. तिथे विकत मिळायला हवी ती अख्खी मालिका, जशी अनेक खंडांची कादंबरी संचाने मिळते.

४

आता संगणकाविषयी. घरातला टीव्ही सगळ्यांचा असतो आणि तो पुढेच जातो. संगणकावरची फाइल थांबते, मागे जाते, एकच वाक्य चार वेळा ऐकवते. वाचनात आपण बोट ठेवून मागची ओळ पुन्हा वाचतो. ती सोय मालिकेला पहिल्यांदा संगणकाने दिली.

अर्ध्या तासाच्या दैनंदिन मालिकेचा भाग असा थांबवत पाहिला की तिचे व्याकरण उघडे पडते. जाहिराती वगळून उरतात साधारण बावीस मिनिटे. त्यात काल काय झाले त्याची उजळणी, शेवटी उद्याची झलक. मध्ये एक धक्कादायक वाक्य आणि त्यावर खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा, एकामागून एक, संगीतासह. स्वयंपाक करता करता पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी ही पुनरुक्ती आवश्यक असते. ऐकले नाही तरी कळले पाहिजे. म्हणजे ज्याला आपण सरसकट बटबटीतपणा म्हणतो, त्यातला काही भाग पाहण्याच्या परिस्थितीतून आलेला असतो. हे आठवणीवर विसंबून दाखवता येत नाही. त्यासाठी प्रत समोर लागते. समीक्षेसाठी अवतरण घेण्याची मोकळीक कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने दिलेली आहे. पण प्रतच नसेल तर अवतरण कशातून घेणार?

५

आता अॅप आहेत, मग अडचण कोणती, असे वाचक विचारतील. अॅपवरील ‘डाउनलोड’ हा शब्दच फसवा आहे. फाइल यंत्रात उतरते, पण अॅपबाहेर ती उघडत नाही आणि वर्गणी संपली की तीही संपते. एका अॅपवर मी एक जुनी मालिका टिपणे काढत पाहत होतो. वर्गणी चालू असतानाच ती यादीतून नाहीशी झाली. विचारणा केली तर ‘हक्कांची मुदत संपली’ एवढेच उत्तर आले. माझ्या टिपणांतली मिनिटे आणि सेकंद आता कोणालाही पडताळून पाहता येणार नाहीत.

विकत घेतलेली प्रतही सुरक्षित असतेच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून घेतले जातील असे जाहीर केले. ओरड झाल्यावर आणि नवा करार झाल्यावर ते टळले. विक्री खरी तेव्हाच, जेव्हा विक्रेत्याला वस्तू परत उचलून नेता येत नाही.

हा प्रश्न फक्त अभ्यासकांचा नाही. बीबीसीने १९६०च्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे अनेक भाग पुसून टाकले. शंभराच्या आसपास भाग हरवले. पण त्या सर्व हरवलेल्या भागांचा ध्वनी आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. संस्थेने गमावलेले प्रेक्षकाच्या प्रतीने राखले. आष्टीतल्या त्या कार्डांवर काय काय होते आणि त्यातले किती उरले, हे कोण सांगणार? ती कार्डे केव्हाच पुसली गेली, हरवली, किंवा जुन्या फोनबरोबर मोडीत गेली.

६

उपाय दोन आहेत आणि दोन्ही अवघड नाहीत. पहिला वाहिन्यांनी करायचा : जुन्या मालिका कुलूप नसलेल्या फाइलींच्या रूपात, सुट्या भागाने आणि संचाने, परवडेल अशा किमतीत विकाव्यात, आणि त्यातला वाटा लेखक-कलाकारांना द्यावा. प्रती अस्तित्वात आहेत, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसलेच. चित्रीकरण थांबताच वाहिन्यांनी जुने कार्यक्रम बाहेर काढले. दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले.

दुसरा शासनाने करायचा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांत पाठवावी लागते. दूरचित्रवाणीला तसे बंधन नाही. फ्रान्सने १९९२ मध्ये तो नियम रेडिओ आणि दूरचित्रवाणीला लागू केला. तिथला अभ्यासक आयएनए या संस्थेत बसून जुने प्रसारण पाहू शकतो. १९९९ मध्ये प्रसारित झालेल्या मराठी मालिकेवरचे हक्क आपल्या कायद्याने २०५९ च्या अखेरीस संपतील. त्या दिवशी ती सर्वांची होईल, पण तेव्हा तिची एक तरी चालणारी प्रत कोणाकडे असेल का, याची तजवीज आज करावी लागेल.

आष्टीच्या काउंटरवर दहा रुपये ठेवून ‘तेवढा बानूचा भाग टाका’ म्हणणाऱ्या माणसाने समीक्षकाचे पहिले काम केले होते. त्याने निवड केली आणि निवडलेले जवळ ठेवले. त्याच्या निवडीला अधिकृत पावती मिळण्याची सोय आजही झालेली नाही.