शिद्दी स्त्रियांच्या गोधड्या : एक परीक्षण

दातिवऱ्यापासून तारापुरापर्यंतच्या किनाऱ्यावरील फिरंगी अंमलाचा विषय निघाला म्हणजे संशोधकांचें लक्ष प्रथम कागदांकडे जातें, व तें योग्यच आहे. इ. स. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि १७३९ मध्यें मराठ्यांनीं ती घेतली. या दोन सालांमधील तह, पत्रें, हिशेब व शिलालेख यांवर पुष्कळ परिश्रम झाले आहेत. परंतु ज्या गलबतांनीं हा अंमल आणिला, त्याच गलबतांतून मोझांबिक वगैरे आफ्रिकेच्या पूर्वकिनाऱ्यावरील माणसें गुलाम म्हणून येथें आणिलीं गेलीं. धन्याचा कागद गुलामाची किंमत सांगतो. त्याला काय आठवत होतें हें सांगत नाहीं. मग तें कोठें पाहावें?

या दृष्टीनें उत्तर कानडा जिल्ह्यांतील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागांतील शिद्दी स्त्रियांच्या गोधड्या परीक्षणास योग्य वाटतात. या समाजाच्या पूर्वजांपैकीं पुष्कळ जण गोव्यांतील दास्यांतून निसटून घाटांतील रानांत येऊन राहिले. पोर्तुगीज राज्यांत दास्य कायद्यानें बंद झालें तें १८६९ सालीं. यांची घरची बोली कोकणी असून तींत मराठी व कानडी शब्दांचें मिश्रण आहे. धर्मानें कोणी हिंदु, कोणी ख्रिस्ती, तर कोणी मुसलमान. २००३ सालीं या जिल्ह्यांतील शिद्दींची गणना अनुसूचित जमातींत झाली.

या गोधडीस त्या 'कवंदी' म्हणतात. जुनें लुगडें तळाशीं घालून त्यावर जीर्ण कपड्यांचे तुकडे एका कोपऱ्यापासून धावदोऱ्यानें जोडीत जावयाचें, आणि कडेकडेनें फिरत अखेरीस मध्यावर यावयाचें, अशी रीत आहे. चारी कोपऱ्यांस घडी घातलेल्या तुकड्यांचीं 'फुलें' लावितात. तीं नसलीं तर गोधडी नागवी राहिली असें मानितात. ख्रिस्ती घरांतील गोधडींत क्रूस व मुसलमान घरांतील गोधडींत चंद्रकोर आढळते.

अमेरिकन कलेतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनीं हें काम विद्वानांच्या नजरेस आणिलें, याबद्दल त्यांचे आभारच मानिले पाहिजेत. तथापि या गोधड्यांची अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या गोधड्यांशीं जी तुलना होते, ती मनोवेधक असली तरी वंशपरंपरेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरतां येत नाहीं. ठिगळांचें वस्त्र या देशांत प्राचीन आहे. संस्कृतांतील 'कन्था', आपली 'वाकळ' व कानडी 'कौदी' यांकडे पाहावें. 'कवंदी' हें नांवही 'कौदी'स जवळचें आहे. शिवाय गोधडी ही रोज अंथरावयाची वस्तु. ती पिढी दोन पिढ्यांत फाटते. तेव्हां तीन शतकांपूर्वीच्या आफ्रिकेपर्यंत नमुन्यांची अखंड मालिका जोडून दाखवितां येत नाहीं.

मग हें साधन कशाचें? आमच्या मतें तें मूळ देशाच्या आठवणीचें नसून येथें येऊन घर केल्याचें साधन आहे. घरांतील माणसांनीं वापरून विटलेले कपडे नातवंडाच्या अंथरुणांत येतात. कोणता तुकडा कोणाचा हें शिवणारीस ठाऊक असतें. ज्यांच्या पूर्वजांची मोजदाद मालमत्तेंत झाली, त्यांच्या लेकीसुनांनीं गोधडी पूर्ण कोणती व नागवी कोणती हें स्वतः ठरवावें, ही गोष्ट इतिहासदृष्ट्या लहान नव्हे.

येथें एका समकालीन कृतीची आठवण होते. लिस्बन येथें १९६८ सालीं जन्मलेल्या कृष्णवर्णी कलावती ग्रादा किलोंबा यांनीं २०२१ सालीं त्याच शहरांत तेगस नदीच्या कांठीं १४० जळक्या लाकडी ठोकळ्यांची, ३२ मीटर लांबीची 'नाव' मांडली. तिची आकृति गुलामवाहू जहाजाच्या तळाची. तेथें धन्याच्याच राजधानींत उघडा जाब विचारलेला आहे. कवंदींत जाब नाहीं, ऊब आहे. पहिलीस प्रेक्षक लागतो. दुसरीस निजणारें मूल पुरें. पण याच कारणानें दुसरीची साक्ष लवकर नष्ट होते.

२००४ सालीं या स्त्रियांची सहकारी संस्था निघाली व २०११ सालीं न्यूयॉर्क येथें गोधड्यांचें प्रदर्शन झालें. कष्टाचे पैसे शिवणारीच्या हातीं पडावे हें इष्टच आहे. परंतु विक्रीसाठीं नवें कापड आणून शिवलेली गोधडी आणि घरच्या जुन्यांतून शिवलेली गोधडी या साधन म्हणून एक नव्हेत. संग्राहकानें हा भेद न राखल्यास मागें केवळ रंगीत वस्त्र उरेल. पोथी घेतांना आपण लेखक, स्थळ, शक व पुष्पिका पाहतों. त्याचप्रमाणें गोधडी घेतांना शिवणारीचें नांव तिच्या संमतीनें, गांव, साल, कोणासाठीं शिवली व कोणाचे कपडे तींत आले, हें तिच्याच तोंडून लिहून घ्यावें. जी गोधडी अजून अंगावर पांघरली जाते, ती मात्र तेथेंच राहूं द्यावी व तिची नोंद तेवढी आणावी.