शिळा आणि तबकडी

आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या करणे हा सुशिक्षित समाजातला एक निरुपद्रवी छंद आहे. चार रसिक एकत्र जमले, की दहा मुद्रिकांची निवड होते, अकरावीसाठी वाद होतो, आणि चहा निवेपर्यंत मंडळी आपापल्या मतांवर ठाम राहून उठतात. या वादात एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अमुक मुद्रिका आवडते म्हणजे नेमके काय होते? गाण्यातले ज्याला कळते तो मुद्रिकेच्या गुणांकडे बोट दाखवितो. ज्याला कळत नाही तो आपल्या बाळपणाकडे. ही दोन्ही उत्तरे मला पुष्कळ वर्षे पुरेशी वाटत होती. माघी पौर्णिमेच्या यात्रेच्या निमित्ताने कचारगडास जाणे झाले, आणि तेथे ऐकलेल्या एका साध्या उत्तराने ही समजूत ढासळली. त्या उत्तराकडे येण्यापूर्वी या दोन मतांचा परामर्श घेणे इष्ट होईल.

प्रथम गुणांचे मत घेऊ. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तास दोन तास राग उलगडणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत कोंबणे म्हणजे वटवृक्ष कुंडीत लावण्यासारखे आहे, असे कोणासही वाटेल. तरीही खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी अशाच एका तबकडीवर आहे, आणि ती ऐकूनच गदगचा एक मुलगा 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून गेला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी कुंदगोळास राहून तो गाणे शिकला. त्या मुलाचे नाव भीमसेन जोशी. ही कथा महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तिचा अर्थ आता कोणी पाहत नाही. त्या मुलाला त्या तबकडीत पूर्णत्व दिसले असते, तर तो तीच पुनःपुन्हा ऐकत घरी बसला असता. तो उठला, कारण तीन मिनिटांनंतर सुई थांबली आणि गाणे थांबू नये असे त्याला वाटले. मुद्रिकेचा मोठा गुण तिच्या अपुरेपणात असू शकतो, हे गुणांची मोजदाद करणाऱ्या समीक्षकाच्या हिशेबात बसत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की ही अडचण केवळ जुन्या तबकडीची होती. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घ वादनाची तबकडी बाजारात आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. आणि पूर्वी छायाचित्रांच्या वहीप्रमाणे बांधलेल्या अनेक तबकड्यांच्या संचाला जे ‘अल्बम’ नाव होते, ते आता एकाच तबकडीला मिळाले. ही गोष्ट खरी आहे. या नव्या सोयीतून काही सर्वांगसुंदर कृतीही निर्माण झाल्या. 1967 सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा संच त्यांतला एक. मराठी भावगीताचे एक आद्य गायक आणि पुढे हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत अधिकारी झालेले गो. ना. जोशी यांचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा होता. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांनी काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या प्रहराच्या रागांतून, त्यात मांडला आहे. ही कृती कोणत्याही मैफलीची सावली नव्हे. ती तबकडीसाठीच जन्मली. गुणांचे मत येथे पुष्कळसे लागू पडते. परंतु आपल्या आवडीच्या याद्या तपासून पाहिल्या, तर अशा सुघटित कृतींच्या शेजारी कितीतरी खरखरणाऱ्या, सदोष, मध्येच तुटणाऱ्या मुद्रिका मानाने बसलेल्या दिसतील. त्यांचे समर्थन गुणांवरून होत नाही.

तेथे स्मृतीचे मत पुढे सरसावते. आवड ही वस्तूची नसून काळाची असते, असे ते सांगते. याला गीतरामायणासारखे दुसरे उदाहरण नाही. 1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले, आणि वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते सुधीर फडक्यांच्या चालींत महाराष्ट्राने ऐकली. रेडिओला हार घालून माणसे त्याच्यापुढे हात जोडून बसत, असे त्या पिढीतील लोक सांगत आले. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांचे प्रेम स्मृतीने समजावता येईल. पण ज्यांचा जन्मच त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी झाला, त्यांचे काय? मी त्यांच्यापैकीच एक आहे. मला 1955 आठवत नाही, आणि तरी ती गीते मला ‘आठवतात’. शिवाय एक चमत्कारिक गोष्ट अशी, की आकाशवाणीवर ही गीते अनेक कंठांतून आली होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे नाना गळे त्यांत होते. पुढे स्वतः फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातील मुद्रिका घरोघर गेल्या, आणि आज बहुतेकांच्या कानात तोच एक आवाज गीतरामायण होऊन बसला आहे. म्हणजे ज्या स्मृतीच्या बळावर आपण प्रेम करितो असे म्हणतो, ती स्मृतीच मुद्रिकेने घडविलेली आहे. कारण म्हणून दाखविलेली वस्तू कार्य निघाली, तर ते मत टिकत नाही.

मुद्रिकेचा खरा विशेष तिच्या अचलपणात आहे. गवई उद्या तीच चीज गाईल तेव्हा ती वेगळी होईल. मुद्रिका शंभर वर्षांनीही तोच श्वास त्याच जागी घेईल. कीट्सने 1819 साली एका चित्रित कलशावर आणि एका गाणाऱ्या पाखरावर अशा दोन कविता लिहिल्या. मैफल हे ते पाखरू आणि मुद्रिका हा तो कलश, असे विद्यार्थ्यांना सांगण्याचा मोह मला वर्गात अनेकदा झाला आहे. पुढचा स्वर कोणता हे ठाऊक असताना त्याची वाट पाहणे, आणि तो ठरल्या वेळी आलेला पाहून जणू प्रथमच भेटल्यासारखे सुखावणे, हा आनंद अचल वस्तूच देऊ शकते.

आणि हा अचलपणा निवड करीत नाही. तो कलावंताच्या हेतूबरोबर अपघातही जपून ठेवितो. 1902 साली कलकत्त्यास गौहर जानने आपली पहिली गाणी मुद्रित केली. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारी. याचे कारण व्यावहारिक होते: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हावयाच्या, तेव्हा गाणे कोणाचे हे तेथील कारागिरांना समजावे. संगीताशी त्या वाक्याचा काडीचाही संबंध नाही. परंतु आज त्या तबकड्या ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण गाण्याइकीच त्या वाक्याचीही वाट पाहतात, कारण तेथे गायिका क्षणभर बाजूला सरते आणि ऐटीत उभी असलेली बाई आपल्याशी बोलते. कारखान्यासाठी ठेवलेली खूण रसिकाच्या वाट्याला आली. सदोष मुद्रिकांवरील आपल्या मायेचे बीज येथे सापडते.

येथपर्यंत विचार आला असता मी कचारगडास गेलो. मुंबई–हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे, छत्तीसगडच्या सीमेलगत, सालेकसा तालुक्यात दरेकसा नावाचे लहानसे स्थानक आहे. तेथून जवळच्या डोंगररांगेत, दाट रानात, ही विशाल गुहा आहे. गोंड समाजाच्या श्रद्धेप्रमाणे त्यांच्या धर्माचा उगम येथला. कथेची रूपे अनेक आहेत. त्यांतील एक असे, की काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली आणि दारावर प्रचंड शिळा बसली. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. शेवटी हिरासुका पाटालीर या वादकाने शिळेबाहेर उभे राहून आपले वाद्य वाजविले. त्या स्वरांनी आतील मुलांच्या अंगी बळ आले, त्यांनी शिळा लोटली. मुले सुटली, आणि गडगडत आलेल्या शिळेखाली तो वादक चिरडला गेला.

संगीताची थोरवी सांगणाऱ्या कथा आपल्याकडे थोड्या नाहीत. दीपकाने दिवे लागतात, मल्हाराने पाऊस पडतो. परंतु त्या कथांत चमत्कार स्वर करितात आणि माणसे पाहत राहतात. येथे शिळा स्वरांनी हलली नाही. ती ऐकणाऱ्यांनी हलविली. श्रोत्याला एवढे मोठे काम देणारी दुसरी कथा माझ्या वाचनात नाही.

त्या वादकाचा वारसा परधान समाज सांगतो. ठरावीक काळाने यजमान गोंडांच्या घरी जावे, बाना हे तंतुवाद्य वाजवून देवांचे व कुळांचे आख्यान गावे, दान घ्यावे, असा त्यांचा परंपरागत व्यवसाय. शामराव हिवाळे यांनी 1946 साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयावरील फार आपुलकीने लिहिलेला ग्रंथ आहे. अशा गायनात आख्यान तेच असले, तरी घर बदलले की कुळाचे नाव बदलावे लागते. अचल होणे हा त्या गाण्याचा मृत्यूच, आणि म्हणून ते यंत्रात बांधू नये, असे माझे ठाम मत होते. मत ठाम असूनही, यात्रेत रात्री एका वृद्धाचे गायन ऐकताना मी आपले यंत्र काढले आणि ते मुद्रित केले, हेही येथे सांगितले पाहिजे.

शेजारी परधान कुटुंबातील एक तरुण बसला होता. दुकानांवर कर्ण्यांतून गोंडी गाण्यांच्या नव्या, सफाईदार मुद्रिका जोराने वाजत होत्या. यांतली तुझी आवडती कोणती, असे मी त्याला विचारले. त्याने खिशातला भ्रमणध्वनी काढून माझ्या कानाशी धरिला. त्याच्या आजाचे गाणे होते ते. वाद्य नीट ऐकू येत नव्हते. मध्ये कुत्रे भुंकत होते. कोणी बाई पाणी हवे का म्हणून विचारीत होती. आणि एका ओळीच्या ऐन मध्यावर म्हातारा खोकला, थांबला, आणि पुढे गाऊ लागला. मी माझी शंका बोलून दाखविली: असे बांधून ठेवलेले गाणे मेलेले नाही का? तो म्हणाला, “सर, आजा रायला असता, तर हे मी कायले आयकलो असतो? त्याच्यासंगंच गायलो असतो.”

मग त्याने ते आख्यान थोडे गाऊन दाखविले. ज्या ओळीवर आजा खोकला होता, त्या ओळीच्या मध्यावर तोही नेमका थांबला, आणि मग पुढे गेला. तेथे थांबा का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे कुळाचे नाव आले, तेथे त्याने आजाने घेतलेले नाव न घेता समोर बसलेल्या गृहस्थाच्या कुळाचे नाव घेतले.

माझी दोन्ही मते येथे एकदम खोटी ठरली. बांधलेले गाणे मेले नव्हते. त्याने ते पुन्हा सोडविले होते, अपघातासकट. कुमार गंधर्वांचे चरित्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करून त्यांनी सभा गाजविल्या. आणि पुढे देवासला क्षयाने अंथरुणास खिळले असता माळव्याची लोकगीते कानावर पडली, त्यांतून त्यांनी नवे राग उभे केले. नक्कल ही त्यांची पहिली पायरी होती.

उलट, त्या रात्री मी चांगल्या यंत्रावर घेतलेले गायन अधिक स्वच्छ आहे. घरी आल्यावर ते मी एकदा ऐकिले. दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटले नाही. गुण त्यात आहेत, स्मृतीही ताजी आहे, आणि तरी ती माझी आवडती मुद्रिका झाली नाही. कारण तिने माझ्याकडे काही मागितले नाही, किंवा मागितले असेल तर ते देण्याची माझी पात्रता नाही. त्या भाषेतला एक शब्दही मी शिकलेलो नाही.

कोणी म्हणेल, की मग न गाणाऱ्या सामान्य श्रोत्याने प्रेमच करू नये काय? तसे मला म्हणावयाचे नाही. स्वयंपाक करिता करिता गीतरामायणाची ओळ गुणगुणणारी गृहिणी, गायकाच्या आधी समेवर हात आपटणारा कारकून, आपली जुनी तबकडी पाहुण्याला बळेच बसवून ऐकविणारा म्हातारा, हे सर्व आपापल्या शक्तीप्रमाणे शिळेला खांदा लावीतच असतात. ज्या मुद्रिकेपाशी आपण एवढेही करीत नाही, ती आपल्या यादीत कितीही वरच्या क्रमांकावर असो, आपल्या आवडीची नव्हे.

तेव्हा यापुढे कोणी माझी यादी मागितली, तर मी दहा नावे सांगणार नाही. गीतरामायणाची एक कॅसेट माझ्या घरी होती. तिची फीत एका जागी ताणली गेली होती, आणि तेथे फडक्यांचा आवाज किंचित खाली येई. आजही ते गीत दुसरीकडे कोठे ऐकले, की त्या जागी माझा कान खाली येतो, आणि आवाज मात्र वरच राहतो. माझ्या मुलीला मी ते गीत शिकविले, तेव्हा ती त्या जागी बेसूर का होते, हे तिच्या गाण्याच्या शिक्षिकेला अद्याप कळलेले नाही.