चेहऱ्यावरचे ओझे

आपले कलासमीक्षक व्यक्तिचित्रावर लिहितात तेव्हा रेषा, रंग, छायाप्रकाश यांवर पानेच्या पाने खर्च करतात. चेहरा कोणाचा आणि तो कोणाच्या हुकमाने काढला गेला, हा प्रश्न त्यांना कलाबाह्य वाटतो. मला तो कलेच्या आतला वाटतो.

‘कॅरिकेचर’ हा शब्द ज्या इटालियन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ ओझे लादणे. नाक, ओठ, पाठ यांवर इतके लादायचे की खालचा माणूस दिसेनासा व्हावा. (आमच्या ‘व्यंगचित्र’ या शब्दात तर व्यंग आधीच येऊन बसले आहे.) राजावर असे ओझे लादायला धाडस लागते, गुलामावर लादायला काहीच लागत नाही.

सतराव्या शतकात स्पेनच्या दरबारी बुटकी माणसे करमणुकीसाठी ठेवलेली असत. त्यांपैकी सेबास्तियन दे मोरा याला वेलास्केझने १६४५च्या सुमारास रंगवले. तो जमिनीवर बसला आहे; आखूड पाय पुढे, तळवे आपल्याकडे, मुठी आवळलेल्या. शरीराचे काहीही झाकलेले नाही. पण नजर अशी रोखलेली की हसायला आलेल्या दरबाऱ्याने मान खाली घालावी.

हुआन दे पारेहा हा तर वेलास्केझचाच गुलाम. १६५०मध्ये रोममध्ये धन्याने त्याचे चित्र काढले. ताठ मान, पांढरी लेसची कॉलर, सरळ आपल्याकडे पाहणारे डोळे. हे चित्र पँथिऑनमध्ये मांडले गेले, वाखाणले गेले. मॉडेल मात्र अजून मालमत्ताच होता! मुक्तीचा कागद झाला नोव्हेंबरात, तोही आणखी चार वर्षे चाकरीच्या अटीवर. या चित्राला चित्रकाराची करुणा म्हणणाऱ्यांनी ती अट वाचावी.

पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या १६६१च्या चित्रात डाव्या कडेला त्याने स्वतःला उभे केले आहे. तिथे वर्ण उजळ आहे, नाक सडपातळ. धन्याने काढलेला चेहरा खरा आणि त्याने स्वतः काढलेला खोटा, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्या वर्णाची किंमत धन्याला कधी मोजावी लागली नव्हती. पारेहाला त्याच वर्णाने माद्रिदमध्ये चित्रकार म्हणून उभे राहायचे होते. त्याने वर्ण उजळला, पण स्वतःच्या हातात एक कागद दिला आणि त्यावर आपले नाव लिहिले.

२०२३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ही दोन्ही चित्रे एका प्रदर्शनात आणली. आपल्या शिक्षकांनी त्यांच्या छापील प्रती तरी शेजारी शेजारी ठेवून वर्गात दाखवाव्यात, आणि आधी मुलांना बोलू द्यावे.