संतमस आणि उपग्रह : दूरस्थ महाग्रहांच्या मराठी परिभाषेविषयी काही विचार

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने आपल्या शताब्दीच्या निमित्ताने २०१९ साली एक उपक्रम केला. त्यात सहभागी झालेल्या प्रत्येक देशास एक दूरस्थ तारा व त्याभोवती फिरणारा एक ग्रह नामकरणासाठी देण्यात आला. भारताच्या वाट्यास षष्ठांश तारकासमूहातील एचडी ८६०८१ हा तारा आला. त्यास 'विभा' हे नाव मिळाले. हा बंगाली शब्द प्रकाशकिरणाचा वाचक असून, त्यात भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधरी (१९१३–१९९१) यांचे स्मरणही आहे. ग्रहाचे नाव 'संतमस' ठरले. ते पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविले होते, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट होय. परंतु अभिमान आणि परीक्षण ही दोन निराळी कामे आहेत. प्रस्तुत लेखात दुसरे करावयाचे आहे.

'संतमस' याचा अर्थ 'मेघाच्छन्न' असा देण्यात आला. अमरकोशाची साक्ष मात्र वेगळी आहे. अमरसिंहाने अंधाराच्या तीन छटा वेगळ्या केल्या आहेत : गाढ तो अंधतमस, क्षीण तो अवतमस आणि सर्व बाजूंनी व्यापलेला तो संतमस. पाणिनीनेही (५.४.७९) याच तीन उपपदांपुढे 'तमस्' शब्द अकारान्त होतो असे सांगितले आहे; म्हणजे ही त्रयी फार जुनी आहे. यात मेघ कोठेच नाहीत. आता ग्रहाकडे पाहावे. गुरूच्या सुमारे दीडपट वस्तुमानाचा हा वायुरूप गोल आपल्या ताऱ्याभोवती अवघ्या २ दिवस ३ तासांत प्रदक्षिणा करतो. इतक्या सान्निध्यात ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्याच्या अर्ध्या भागावर अखंड दुपार आहे, त्यास 'सर्वत्र अंधार' कसे म्हणावे? बचावाचा एक मुद्दा आहे : या जातीचे बहुतेक ग्रह प्रकाश फारच थोडा परावर्तित करतात, म्हणजे ते खरोखर काळे असतात. शिवाय विभेच्या शेजारी संतमस, प्रकाशाच्या शेजारी तम, ही जोडी काव्यदृष्ट्या सुंदर आहे. तेव्हा नाव चांगले, त्याचे दिलेले स्पष्टीकरण सदोष, एवढाच निर्णय मी देईन.

(या जातीच्या ग्रहांस 'तप्त गुरू' म्हणण्याची प्रथा पडत आहे. हा शब्दप्रयोग ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस आकाशाऐवजी वर्गाची आठवण प्रथम होते.)

नामकरणाच्या या उत्साहातून एक जुनी सवय मात्र दिसते. तिचा पुरावा आमच्या गावातच आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे १९३९ साली सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ मुख्यतः संस्कृतात आहे, तर दानाच्या व्यवहाराचा मजकूर मुख्यतः प्राकृतात. (दान दिलेल्या गावाचे नाव 'आकासपद्द' आहे. त्यावरून आकाशाशी नाते जोडण्याचा मोह मी आवरतो.) मानासाठी संस्कृत आणि कामासाठी लोकभाषा, ही ती वाटणी. सोळाशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने निदान कामाची भाषा नीट वापरली होती. आम्ही ग्रहास मानाचे नाव दिले, परंतु त्याविषयी बोलावयाचे साधे शब्द अद्याप सिद्ध केलेले नाहीत.

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांस मराठीत काय म्हणावे? 'बाह्यग्रह' म्हणावे तर शालेय पुस्तकांतला 'बहिर्ग्रह' आड येतो; तो गुरूपासून पुढच्या ग्रहांचा वाचक आहे. 'परग्रह' हा शब्द रूढ आहे खरा, पण सामान्य वाचकास त्यातून पृथ्वीहून वेगळा कोणताही ग्रह कळतो, मंगळही परग्रहच. 'ताराग्रह' कानास गोड लागतो. तथापि सिद्धान्तग्रंथांत तो बुधापासून शनीपर्यंतच्या पाच ग्रहांना दिलेला आहे. तरीही येथे 'परग्रह' चालेल. संदर्भ अर्थ आवरून धरतो. खरी अडचण पुढे आहे, ती 'उपग्रह' या शब्दाची.

संतमसाभोवती चंद्र टिकणे कठीण. तारा इतका जवळ असता त्याची ओढ चंद्रास स्थिर राहू देत नाही. परंतु ताऱ्यापासून योग्य अंतरावर, पाणी द्रवरूप राहील अशा पट्ट्यात, महाग्रह असू शकतात. आपल्यापासून चार प्रकाशवर्षांहून किंचित दूर असलेल्या नरतुरंगातील मित्र या ताऱ्याभोवती शनीएवढ्या वस्तुमानाचा असा एक ग्रह असावा, अशी चिन्हे वेब दुर्बिणीतून मिळाल्याचे २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. पुष्टी व्हावयाची आहे. वायूच्या अशा गोलावर उभे राहावयास जमीन नाही. जीवसृष्टी कल्पावयाची तर ती त्याच्या चंद्रावर. परताऱ्यांच्या प्रदेशात असा एकही चंद्र अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. केप्लर-१६२५ बी या ग्रहाभोवतीचा २०१८ साली सुचविलेला चंद्रही वादग्रस्तच राहिला. म्हणजे विषय अजून कल्पनेच्या हाती आहे. कल्पना मात्र शब्दांवर चालते, आणि येथे तिच्या हाती आम्ही 'उपग्रह' दिला आहे.

या शब्दाचा इतिहास पाहावा. फलज्योतिषात धूम, परिवेष इत्यादी अदृश्य बिंदूंस उपग्रह म्हणत. व्याकरणपरंपरेत तर आत्मनेपद-परस्मैपद या भेदाचे नाव उपग्रह! चंद्र त्या काळी उपग्रह नव्हताच. तो नवग्रहांतला एक मानाचा ग्रह होता. आधुनिक शास्त्राने त्यास खालच्या पायरीवर उतरविले. पुढे १९५७ साली स्पुटनिक आणि १९७५ साली आर्यभट्ट अवकाशात गेले, आणि वृत्तपत्रांच्या भाषेत उपग्रह म्हणजे यंत्र झाले. आज 'उपग्रहावरील जीवसृष्टी' असे लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे तबकडीचा अँटेना येतो. 'उप' या उपसर्गाने आधीच गौणत्व सुचते, त्यात ही यांत्रिकता. आपले विज्ञानलेखक परक्या सृष्टीची वस्ती बहुधा ग्रहावरच करतात, चंद्रावर क्वचित. याचे एक कारण हा शब्द असावा असे मला वाटते.

वस्तुतः भाषाभ्यासकास याहून मोहक प्रदेश सापडणे नाही. गुरूच्या युरोपा या चंद्रावर उभे राहिलो, तर गुरूचे बिंब आपल्या चंद्रबिंबाहून २० पटींहून अधिक रुंद दिसेल. युरोपाची एकच बाजू गुरूकडे असल्याने ते बिंब उगवणार नाही व मावळणार नाही. एकाच जागी राहून कलेकलेने भरेल आणि ओसरेल. साडेतीन दिवसांच्या प्रत्येक फेरीत सूर्य त्याच्या आड जाईल, म्हणजे ग्रहण ही नित्याची बाब ठरेल. दूरच्या ताऱ्याभोवती अशाच एखाद्या चंद्रावर बोलणारे जीव असले, तर त्यांच्या भाषेत 'ग्रहण' या शब्दास भीतीचा स्पर्श असेल काय? आपण 'उगवती' आणि 'मावळती' यांवरून दिशा सांगतो. ते बहुधा महाग्रहाची उंची सांगतील : 'तो माथ्यावर असतो ते गाव', 'तो क्षितिजाला टेकतो तो प्रांत'. त्यांची दिशा आणि त्यांचे स्थान एकाच शब्दात मावेल. आणि पलीकडच्या अर्ध्या भागातील लोकांनी तर तो कधी पाहिलेलाच नसेल. त्यांस तो ऐकीव असेल, आपल्याकडील पाताळासारखा. युरोपाच्या बर्फाखाली समुद्र असल्याचे मानतात. तशा समुद्रातील जीवांच्या भाषेत 'आकाश' हा शब्दच नसणार. अशा कल्पनेस शास्त्राची बाधा नाही. तिला हवा आहे तो मराठी शब्द.

नवा शब्द रुजतो कसा, याचे उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविलेल्या पहिल्या कथेचे नाव 'कृष्णविवर' होते. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे कार्य करीत आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु 'कृष्णविवर' सामान्य वाचकाच्या तोंडी बसला तो कोशापेक्षा कथेमुळे अधिक, असे मानावयास हरकत नाही. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला' ही त्यांची शीर्षके पाहिली तरी दिसते की त्यांनी पुराणातले शब्द घेतले ते वाचकाच्या परिचयाचे म्हणून, कोशात शोधून नव्हे.

या कसोटीवर 'चंद्र' हाच शब्द टिकतो. विशेषनाम सामान्यनाम कसे होईल, असा आक्षेप मी ऐकला आहे. गोदावरीच्या काठी नदीला गंगाच म्हणतात. गंगाखेड आणि गंगथडी ही नावे त्यातूनच आली. 'गुरूचे चंद्र' वर्तमानपत्रांत रुळलेलेच आहेत. मग परताऱ्यांच्या ग्रहांभोवतीच्या गोलांस 'परचंद्र' म्हणावे. तो विभक्तीत अडखळत नाही : परचंद्रावर, परचंद्राचा, परचंद्रांवरून. 'परग्रहवासी' या शब्दाशेजारी 'परचंद्रवासी' लिहून पाहावा. दुसरा शब्द पहिल्याची छाया वाटत नाही. अपवाद एकच : मुलांसाठी लिहिताना 'परचांदोबा' असे रूप कोणी करू नये. चांदोबा आपला मामा आहे, आणि मामाला 'पर' म्हणण्याची रीत मराठीत नाही.